पात्याच्या बुडाशी लिहिलेली तारीख

१९७० साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावी ‘केस’ या जुन्या चाकू कंपनीने आपल्या शिक्क्यात एक छोटा बदल केला. मिटत्या चाकूचे पाते जिथे मुठीत शिरते, तिथे बुडाशी एक चपटा, बिनधारेचा भाग असतो. कंपनीचे नाव ठोकले जाते ते तिथेच. त्या नावाखाली १९७० साली दहा ठिपके आले. १९७१ साली नऊ, १९७२ साली आठ, असा दरवर्षी एक ठिपका गळत गेला आणि १९७९ साली एकच उरला. त्या दशकातला केसचा कोणताही चाकू हातात घ्या, ठिपके मोजा आणि तो आकडा १९८०मधून वजा करा, की चाकूचे वर्ष मिळते.

त्याआधीचे शिक्केही असेच बोलके आहेत. नावापुढे ‘टेस्टेड डबल एक्स’ असेल तर तो चाकू १९२० ते १९४० या काळातला. नुसते ‘डबल एक्स’ असेल तर १९४० ते १९६४. त्याखाली ‘यू.एस.ए.’ आले की १९६५ ते १९६९. हे दोन एक्स पोलादाला पाणी देण्याच्या कामातून आले आहेत. पाते तापवून कडक केले की एक फुली पडे, आणि ते ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा चिवटपणा राखला की दुसरी. भट्टीवरच्या कामगारांची ही खूण पुढे कंपनीच्या नावाचाच भाग झाली. जिला धार लावायची ती पट्टी दोनदा भट्टीतून नीट गेली आहे, एवढीच ग्वाही त्या खुणेत होती. चाकूच्या बाबतीत याहून महत्त्वाची दुसरी ग्वाही नाही.

पात्यावर ठोकलेल्या क्रमांकालाही अर्थ असतो. ‘६२५४’ हा केसचा प्रसिद्ध आकडा घ्या. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे कोरीव हाड, ५ म्हणजे खरे सांबरशिंग, ३ म्हणजे पिवळे सेल्युलॉइड. दुसरा आकडा पात्यांची संख्या सांगतो. उरलेला ‘५४’ हा घाटाचा क्रमांक आहे. हा घाट ‘ट्रॅपर’ या नावाने ओळखला जातो, कारण फासे लावून जनावरे धरणाऱ्या शिकाऱ्यांसाठी तो काढला होता. म्हणजे ‘५२५४’ आणि ‘६२५४’ या दोन चाकूंचा सांगाडा एकच, फरक फक्त मुठीचा. पण बाजारात दोघांची किंमत फार वेगळी.

ठिपक्यांचा हा बदल झाला आणि अमेरिकेत चाकू जमवणाऱ्यांची एक लाटच आली. जुने ‘डबल एक्स’ आणि ‘यू.एस.ए.’ शिक्के आता पुन्हा निघणार नाहीत, हे लोकांच्या लक्षात आले. हार्डवेअरच्या दुकानांत चाकू मांडून ठेवलेले फळे असत. काहींनी ते अख्खे फळेच्या फळे विकत घेतले. याला आणखी एक कारण जुने संग्राहक सांगतात. १९६८च्या बंदूकविषयक कायद्याने टपालाने परराज्यात बंदुका विकण्यावर बंधने आली आणि बाजारांतून बंदुकांची देवघेव करणारे बरेच जण खिशातल्या चाकूंकडे वळले. चाकू टपालाने जात होता, डब्यात मावत होता आणि आजोबांच्या खिशातून नातवाकडे आलेला असल्यामुळे घरोघरी होता.

चाकूंच्या संग्रहाविषयी बोलताना ‘दुर्मीळ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आज कित्येक कंपन्या मुद्दाम दोनशे-पाचशे नग काढतात, त्यावर अनुक्रमांक कोरतात आणि लाकडी पेटीत घालून विकतात. असे चाकू संख्येने कमी असतात हे खरे, पण त्यांचे कमी असणे विक्री विभागाने ठरवलेले असते. मला त्यांच्यात रस वाटत नाही. रस आहे तो जे चाकू हजारोंनी निघाले, रोज वापरले गेले, धार लावलावून झिजले, हरवले आणि मग एके दिवशी निघायचेच थांबले, त्यांच्यात. असा चाकू समोर आला की पहिला प्रश्न ‘याची किंमत किती?’ हा नसतो. ‘हा बंद का झाला?’ हा असतो. त्याचे उत्तर कधी कारखान्यात सापडते, कधी कायद्यात, कधी जंगलात. किंमत त्या उत्तरामागून येते.

मिटत्या चाकूंच्या कारागिरीची मुळे शोधायला इंग्लंडमधल्या शेफील्डला जावे लागते. तिथल्या चाकू-कात्री बनवणाऱ्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. तिथल्या वाहत्या ओढ्यांवर पाणचक्क्या आणि त्यांवर धारेची दगडी चाके फिरत. मोठ्या कारखान्यांच्या भोवती ‘लिटल मेस्टर’ म्हणवणाऱ्या स्वतंत्र कारागिरांची वस्ती होती. एखादी खोली, एक ऐरण, एक-दोन शिकाऊ पोरे आणि वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे काम. कुणी फक्त पाती घडवी, कुणी फक्त धार काढी, कुणी सुटे भाग जुळवून मिटता चाकू उभा करी.

जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे शेफील्डचे सर्वांत मानाचे घराणे. तारा आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची निशाणी १६८२ साली नोंदलेली. आपली करामत दाखवण्यासाठी त्यांनी १८२२ साली एक अजस्र मिटता चाकू केला, त्याला इसवी सनाच्या प्रत्येक वर्षाचे एक अशी १८२२ पाती. पुढे त्यात पात्यांची भर पडत राहिली. १८५१च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात त्यांनी ‘नॉरफोक नाइफ’ मांडला, त्याला ७५ पाती होती आणि पात्यांवर चित्रे कोरली होती. हे चाकू कुणाच्या खिशासाठी नव्हतेच. पण ज्या हातांनी ते केले, तेच हात लेखणी छाटायचे दोन पात्यांचे नाजूक चाकू करत होते, आणि संग्राहकाला आज मिळतात ते हे नाजूक चाकू.

त्यांचा काळ ठरवायचे मार्ग ठरलेले आहेत. रॉजर्सच्या पात्यावर राजमुकुटाच्या दोन्ही बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरे असतील, तर चाकू राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१च्या आतला. जी आणि आर असतील तर जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातला. दुसरी खूण देशाच्या नावाची. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ले जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव लिहिणे बंधनकारक झाले. त्यामुळे ज्या शेफील्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ किंवा झोलिंगेनच्या चाकूवर ‘जर्मनी’ असे लिहिले आहे, तो बहुधा १८९१नंतरचा. देशाचे नाव नसले म्हणजे चाकू जुनाच, असे मात्र उलटे अनुमान काढू नये. घरच्या बाजारासाठी निघालेल्या मालावर ते नसू शकते.

हिंदुस्थान ही रॉजर्सची मोठी बाजारपेठ होती आणि आपल्याकडच्या जुन्या सामानात त्यांचे चाकू आजही निघतात. कारकुनाच्या कलमदानात बोरू असे आणि बोरूचे टोक तिरके छाटायला बारीक पात्याचा चाकू लागे. टाक आणि दौत आली, मग शिसपेन्सिल आली, तरी तो चाकू राहिलाच. या नावाची नक्कलही तितकीच जोरात झाली. रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे ‘डी’ हे अक्षर आहे. ते गाळून, मिळतीजुळती निशाणी ठोकून विकलेला माल भरपूर होता. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ‘असली रॉजर्स’ म्हणून काही हाती दिले गेले, तर आधी भिंग घेऊन ते ‘डी’ आणि तारा-क्रॉस शोधावेत.

शेफील्डची ही परंपरा विसाव्या शतकात विरत गेली. स्वस्त परदेशी माल आला, शिकाऊ पोरे मिळेनाशी झाली, एकेक कार्यशाळा बंद पडली. स्टॅन शॉ हे मिटते चाकू पूर्णपणे स्वतःच्या हाताने करणारे तिथले अखेरचे मोठे लिटल मेस्टर मानले जात. चौदाव्या वर्षी ते इबरसन यांच्या कार्यशाळेत कामाला लागले आणि म्हातारपणीही चाकूच करत राहिले. त्यांच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. २०२१ साली ते गेले. याच शहरात केन हॉली नावाचे एक हत्यार-विक्रेते होते. कार्यशाळा बंद पडू लागल्या तसे त्यांनी तिथले तयार चाकूच नव्हे, तर अर्धवट घडवलेली पाती, साचे, मालाच्या सूचीपुस्तिका, कारागिरांची हत्यारे असे सगळे उचलून जपायला सुरुवात केली. आज हा संग्रह शेफील्डच्या केल्हम आयलंड संग्रहालयात आहे. संग्राहकांत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस. वस्तूबरोबर ती बनवायची रीत जपली नाही, तर पुढच्या पिढीला त्या वस्तूतले निम्मेच कळते, हे त्यांनी वेळेवर ओळखले.

आता जंगलाकडे येऊ, कारण इथे आपला संबंध फार जवळचा आहे. जगभरच्या उत्तम चाकूंच्या मुठींना जे शिंग लागे, ते मुख्यतः भारतातल्या सांबराचे. युरोपातल्या हरणाच्या शिंगात आतला भेंडासारखा भाग जास्त असतो. सांबराचे शिंग भरीव, कठीण, आणि बाहेरून खरबरीत तपकिरी. हातात ते घसरत नाही. सांबर दरवर्षी शिंगे गाळतो, त्यामुळे जंगलातून गोळा केलेली गळती शिंगे शेफील्ड, झोलिंगेन आणि अमेरिकेपर्यंत जात. मात्र गळती शिंगे कुठली आणि मारलेल्या जनावराची कुठली, हे पोत्यात भरल्यावर कोण सांगणार? १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात थांबवली. त्यानंतर खऱ्या सांबरशिंगाच्या मुठी महागल्या, काही कंपन्यांनी आपले शिंगाचे नमुने बंद केले, काही जुन्या साठ्यावर चालवत राहिल्या. केसच्या क्रमांकातल्या त्या ‘५’ची किंमत का वाढली, याचे उत्तर मेळघाट-ताडोबासारख्या आपल्या जंगलांतून जाते. ही बंदी योग्यच होती, असे माझे मत आहे. मूठ हाडाची चालते, लाकडाची चालते. सांबराला दुसरा जीव नाही.

हस्तिदंताचे तसेच. रॉजर्सच्या जुन्या कलमी चाकूंना पांढऱ्या दंताच्या मुठी सर्रास असत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. चाकू दीडशे वर्षांचा असला तरी दंताची मूठ असेल तर तो आपल्याकडे विकत घेता-विकता येत नाही. कासवाच्या पाठीच्या मुठी आणि सांबरशिंगाच्या वस्तू यांनाही हाच कायदा आड येतो. नव्या संग्राहकाने हे आधी शिकावे आणि मग पैसे काढावेत.

शिंग महाग म्हणून हाड आले. गुराच्या नडगीचे हाड कापून, त्यावर यंत्राने खाचा पाडून, रंग देऊन शिंगासारखे केले जाई. अमेरिकन चाकूंवर दिसते ते बहुतेक हेच. प्रत्येक कारखान्याची खाचांची आणि रंगाची तऱ्हा वेगळी, म्हणून जाणकार मूठ पाहूनच कारखाना ओळखतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाडांचा पुरवठा अडला, तेव्हा केसने काळ्या खरबरीत प्लास्टिकच्या मुठी लावल्या. त्या काळी तो नाइलाज होता. आज ‘रफ ब्लॅक’ या नावाने त्याच मुठींचा शोध घेतला जातो, कारण त्या युद्धकाळाच्या थेट खुणा आहेत.

आणि सेल्युलॉइड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पदार्थ चाकूंच्या मुठींवर आला आणि कारागिरांच्या हाती रंगांची पेटीच लागली. मोतीशिंपी, कासवाची पाठ, लाल-हिरव्या लाटा, साखरेच्या कांडीसारखे पट्टे, सगळे त्यात जमे. पण सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. काळ गेला की ते आतून विघटित होते आणि त्यातून नायट्रिक आम्लाच्या वाफा निघतात. मूठ धुरकट होते, आक्रसते, तिला चिरा जातात, पाते आतून गंजते. वाईट म्हणजे या वाफा त्या एका चाकूपाशी थांबत नाहीत. बंद डब्यात शेजारी ठेवलेले धडधाकट चाकूही गंजतात. ही प्रक्रिया परतवता येत नाही. आजारी चाकू वेगळा काढणे आणि त्याला हवा लागू देणे एवढेच हातात असते. संग्रहात चांगले चाळीस चाकू आणि एक सडते सेल्युलॉइड असेल तर ते चाळीसही धोक्यात असतात. जुने, शाबूत, चमकदार सेल्युलॉइड महाग का, हे यावरून समजावे. बाकीचे स्वतःहून नाहीसे झाले आहे.

कारखाना थांबतो तेव्हा काय होते, ते पाहायला अमेरिकाच पुरे. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी घटली, तेव्हा रेमिंग्टन या बंदुकांच्या कंपनीने कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट इथे १९२० साली चाकू काढायला घेतले. त्यातल्या काही मोठ्या चाकूंच्या मुठीत काडतुसाच्या आकाराची छोटी धातूची पट्टी बसवलेली असे. हे ‘बुलेट’ चाकू शिकाऱ्यांत लोकप्रिय झाले. १९४० साली कंपनीने चाकूंचा धंदा विकून टाकला. म्हणजे सगळे मिळून वीस वर्षांची कारकीर्द, आणि त्यातले ‘बुलेट’ शेतावर, जंगलात वापरून झिजलेले. न वापरलेला ‘आर ११२३’ मिळणे म्हणूनच कठीण. १९८२पासून रेमिंग्टनच्या नावाने त्याच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी निघू लागल्या. त्या चांगल्या आहेत, त्यांचाही स्वतंत्र संग्रह करणारे आहेत. फक्त त्या जुन्या म्हणून विकल्या जाऊ नयेत.

श्रेड कंपनीची गोष्ट अधिक जवळची आहे, कारण ती आपल्या आयुष्यात घडली. १९०४ साली सुरू झालेली, ‘ओल्ड टायमर’ आणि ‘अंकल हेन्री’ या चाकूंमुळे अमेरिकेत घरोघरी पोहोचलेली ही कंपनी. न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिल गावचा तिचा कारखाना ३० जुलै २००४ रोजी बंद झाला. माल आणि यंत्रे लिलावात गेली, नाव दुसऱ्या कंपनीने घेतले, आणि त्याच नावाचे चाकू चीनमधून येऊ लागले. १८७६पासूनची कॅमिलस कंपनीही २००७मध्ये बंद पडली. आता दुकानात एकाच नावाचे दोन चाकू दिसू शकतात, एक एलेनव्हिलचा आणि एक नंतरचा. दोन्हींवरचे नाव तेच. फरक शोधायचा तो पुन्हा पात्याच्या बुडाशी, देशाच्या नावात. श्रेडचे चाकू अजून हजारोंनी उपलब्ध आहेत आणि फार महागही नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवीन.

स्वित्झर्लंडचा लाल चाकू सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या घरातही बंद झालेल्या शाखा आहेत. स्विस सैन्याने १८९०चा नमुना मंजूर केला, तेव्हा एवढा माल देऊ शकेल असा कारखाना देशात नव्हता. पहिली मागणी झोलिंगेनच्या वेस्टर कंपनीने पुरवली. गडद लाकडाची मूठ, एक पाते, टोचा, डबा उघडायचे हत्यार आणि रायफल खोलायला स्क्रू-ड्रायव्हर. श्वित्स प्रांतातल्या इबाखचे कार्ल एल्सनर यांनी १८९१मध्ये आपला पहिला पुरवठा केला. १८९७ साली त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदवला, त्यात दुसरे पाते आणि बुचाचा स्क्रू आला. आपण ओळखतो तो लाल चाकू यातूनच घडला. १९०८पासून सैन्याची मागणी दोन कारखान्यांत वाटली गेली, इबाखची कंपनी आणि डेलेमाँची वेंगर. शंभर वर्षे ही जोडी चालली. २००५ साली इबाखच्या कंपनीने, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सने, वेंगर विकत घेतली आणि २०१३ साली वेंगर हे चाकूंवरचे नाव थांबले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दुकानात सहज मिळणारे वेंगर आज ‘बंद’ या सदरात गेले आहेत. कित्येक घरांत, परदेशातून कुणी भेट आणलेला, असा एक चाकू खणात पडलेला असेल.

सैनिकांच्या चाकूंचा आणखी एक गुण म्हणजे पात्याच्या बुडाशी वर्ष ठोकलेले असते. १९६१पासूनचे ॲल्युमिनियमच्या मुठीचे सैनिकी चाकू वर्षावार लावून जमवता येतात. आपल्या जन्मवर्षाचा चाकू शोधणे ही तिथल्या संग्राहकांची आवडती सुरुवात आहे. फ्रान्सच्या ओपिनेलचीही एक गंमत सांगतो. १८९७पासून हे लाकडी मुठीचे साधे चाकू १ ते १२ क्रमांकांत निघत. १९३०च्या दशकात १ आणि ११ हे क्रमांक गाळले: पहिला फारच छोटा, आणि अकरावा दहा-बाराच्या इतका जवळचा की त्याची गरजच नव्हती. आजही दुकानात १० नंतर १२ येतो.

चाकू हातात आल्यावर तो कसा वाचायचा? आधी उघडमीट करावी. चांगला चाकू उघडताना थोडा अडतो, मग कमान त्याला ओढून घेते आणि मिटताना खणखणीत ‘खट्’ आवाज येतो. पाते डुगडुगत असेल तर खिळा झिजला. मग पात्याचा आकार बघावा. सतत धार लावल्याने पाते अरुंद आणि आखूड होते. जुन्या सूचीपुस्तिकेतल्या चित्राशी ते ताडून पाहावे. सर्व पात्यांची झीज आणि रंग एकमेकांशी जुळतात का? एक पाते लखलखीत आणि बाकीची काळवंडलेली असतील, तर ते बदललेले असण्याचा संभव मोठा. खिळ्यांची डोकी पाहावीत. नव्याने ठोकलेला खिळा कडेने वेगळा चमकतो. शेवटी शिक्का. मूळ शिक्का पाते तापवून पाणी देण्याआधी ठोकलेला असतो, त्याच्या कडा शांत असतात. पुढे कोरलेला किंवा आम्लाने उठवलेला शिक्का उथळ आणि ओबडधोबड दिसतो. महागड्या चाकूंचे खोटे शिक्के करणारे कारागीर हुशार असतात, म्हणून शंभर खरे चाकू हाताळल्यावाचून पहिला महाग चाकू घेऊ नये.

आणि सर्वांत कळकळीची गोष्ट: पॉलिश करू नका. जुन्या साध्या पोलादावर निळसर-करडा थर चढतो. कैरी चिरून ठेवलेली सुरी काळी पडते, ती प्रक्रिया हीच. हा थर पोलादाचे रक्षण करतो आणि चाकूच्या वयाचा पुरावा असतो. लाल, भुसभुशीत गंज मात्र खातो. तो मऊ फडक्याने आणि तेलाने हळूहळू काढावा. बफच्या चाकावर धरलेला चाकू पाच मिनिटांत चकाकतो आणि त्याच पाच मिनिटांत शिक्क्याच्या कडा, पात्यावरच्या मूळ घासणीच्या रेषा आणि बहुतेक किंमत निघून जाते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत चाकू कातडी पाकिटात ठेवू नयेत, कातडे कमावताना वापरलेली रसायने पात्याला गंज आणतात. शिलाई मशीनचे पातळ तेल सांध्यात एक थेंब आणि पात्यावर फडक्याने पुसट हात, एवढे पुरते. खोबरेल लावू नये, ते खवट होऊन चिकटते.

आपल्या देशातही असा एक थांबलेला चाकू आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा रामपुरी, नऊ ते बारा इंच पात्याचा. हिंदी चित्रपटांनी त्याला मुंबईच्या गुंडाच्या हातात दिले आणि सगळ्या देशात नाव केले. पुढे राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पाती करण्यावर बंदी घातली आणि तो धंदा आटला. २०२३ साली रामपूर शहरात सुमारे वीस फुटी चाकूचे शिल्प चौकात उभारले गेले. कारागिरीचे स्मारक झाले, पण कारागीर मोजकेच उरले. जुन्या रामपुरीवर कारागिराची खूण, पितळी काम, खटक्याची रचना यांच्या नोंदी कुणी नीट करून ठेवलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. शेफील्डमध्ये जे हॉली यांनी केले, ते इथे करायला अजून वाव आहे.

मात्र कायदा नीट समजून. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरकाम-शेती-उद्योगासाठी नसलेले चाकू शस्त्रांत मोडतात. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने बटनदार आणि गरारीदार चाकूंवर ७.६२ सेंटीमीटर लांबीपासूनच बंधन घातले आहे. महाराष्ट्रात पोलीस कायद्याखाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते. संग्रहातला चाकू घरात राहावा, बाहेर न्यायचाच तर बांधून, पेटीत. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा विभाग पाहिलेल्यांना रोजच्या वापराची धातूची वस्तू जपली तर किती सांगते, हे वेगळे समजवायला नको. तसा विभाग चाकूंचा आपल्याकडे होऊ शकतो, कारण माल घराघरांत आहे. तुमच्या घरी आजोबांच्या टेबलाच्या खणात, आजीच्या शिवणाच्या डब्यात, जुन्या ट्रंकेत एखादा मिटता चाकू पडलेला असेल, तर तो भंगारात देऊ नका आणि घासूनही काढू नका. भिंगाखाली पात्याचे बूड पाहा, शिक्का जसा दिसतो तसा कागदावर उतरवा, तो चाकू कुणी, कधी, कशासाठी वापरला हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून त्याच कागदावर लिहा, आणि तो कागद चाकूसोबत ठेवा.